आवाज लिहून पाठव

पुनावळे
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

फोन केला की मामी तो तुमच्या कानाशी धरतात, तुम्ही "मोठ्यानं बोल" एवढंच म्हणत राहता आणि शेवटी माझा घसा बसतो. ऐकण्याचं यंत्र लावलं तर तेच शिट्टी मारतं. म्हणून सरळ कागद घेतला. संघर्षभाऊजी दर मंगळवारी त्यांची पिकअप घेऊन ताथवड्याच्या कंपनीत माल उतरवायला येतात, जाताना आमच्या गेटवरून पत्र घेऊन जातील.

गोष्ट गाडीची आहे. यांना जाऊन पाच महिने झाले. यांची पिकअप काल मी पहिल्यांदा एकटीने बाहेर काढली. तुम्हाला माहीतच आहे, आमची रबराची कंपनी सुप्याला हलली आणि तपासणीच्या टेबलावरच्या आम्ही अकरा जणी घरी बसलो. तळेगावच्या पलीकडे सुखदाताईंची पॉलिहाउसं आहेत, गुलाबांची. पंचवीस जानेवारीला त्यांची व्हॅलेंटाइनची तोड सुरू होते. तिथून रोज पिंपरीच्या फुलबाजारात फुलं पोचवायचं काम मला मिळतंय. त्या म्हणाल्या, "अंजलीताई, फूल थांबत नाही. एक दिवस गाडी बंद पडली की मी दुसरी बघणार, मग तोंड वाकडं करायचं नाही." मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याने हाताने बांधलेलं इंजिन आहे, ते बंद पडत नाही."

आणि काल मुकाई चौकाकडे जाताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मिसिंग मारायला लागली. कसं सांगू? लहानपणी आमच्याकडे चौघी मिळून मिरची कांडायच्या. त्यातली एक नुसताच हात उचलते, मुसळ खाली टाकतच नाही, तर कसं ऐकू येईल? तीन ठोके पडतात आणि चौथ्याची जागा रिकामी राहते. तसं. उभ्या गाडीलाही तसंच, आणि स्टेअरिंग हाताला थरथरतं.

मे महिन्यात यांनी डिझेलचा फवारा मारणारे चारही इंजेक्टर नवे घातले होते. "अंजू, आता पाच वर्षं बॉनेट उघडायचं कारण नाही," असं म्हणाले होते. हे गेल्यावर तुम्ही दर पंधरा दिवसांनी एवढ्या लांबून येऊन गाडी सुरू करून जात होतात. ऑगस्टमध्ये तर सलग तीन तास बॉनेटमध्ये होतात. मी वाटाण्याची उसळ केली होती, तुमचे हात कोपरापर्यंत काळे झालेले, मी गरम पाणी दिलं. तेव्हा तुम्ही सगळं साफ केलंत. मग आता हे काय?

गॅरेजवाल्यांचा मला धीर होत नाही. बाई बघितली की अर्धं इंजिन बदलायला सांगतात. तुम्ही सांगाल तसं मी घरीच, पार्किंगमध्ये करून बघेन.

आपली,
अंजली


कडूस
१४ नोव्हेंबर

चि. अंजलीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. कस्तुरा म्हणते, कोर्टाचं समन्स आल्यागत काय वाचताय.

एकतीस वर्षं कंपनीच्या टेस्ट बेडवर, नवी इंजिनं चालवून तपासतात तिथे, इंजिनं ऐकली आणि त्यांनीच माझे कान खाल्ले. आता लोक मला येऊन सांगतात, "मामा, गाडीत आवाज येतो." कसला येतो ते कुणाला सांगता येत नाही. तू सांगितलास. आपल्या भाच्याला, भूषणला मीच हाताला धरून टेस्ट बेडवर नेलं होतं, अप्रेंटिस म्हणून, तोसुद्धा पहिल्या वर्षी असं सांगत नव्हता. तू माझे कान हो. मी हात सांगतो.

आधी हवेची गाळणी काढ, उन्हात आपट, चाळणीतून उजेड दिसतो तसा तिच्यातून दिसायला हवा. मग डिझेल फिल्टरच्या बुडाला छोटा स्क्रू आहे, तो सैल करून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल घे. पाणी असेल तर खाली बसेल. मग फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाब, म्हणजे लायनीत हवा धरली असेल तर निघेल.

इंजिनावर कडक लोखंडी पाइप दिसतील, त्यांना पान्हा लावायचा नाही. त्यातलं डिझेल सुईसारखं अंगात घुसतं. आणि वरचं काळं झाकण उघडू नकोस. त्याच्याखाली तुझं काम नाही.

एवढं कर आणि मग सुरू करून आवाज लिहून पाठव. घाई करू नकोस, नीट ऐक.

तुझा,
जयसिंगमामा


पुनावळे
२४ नोव्हेंबर

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

सगळं केलं. गाळणीतून एवढी धूळ निघाली की वाळत घातलेल्या चादरी मला पुन्हा धुवाव्या लागल्या. यांचा जुना शर्ट घालून मी बॉनेटमध्ये वाकले होते, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वरून विचारलं, "मेकॅनिक आलाय का हो?" मी डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, "आलीय." ते घाईने आत गेले. मी खूप दिवसांनी हसले.

डिझेलमध्ये पाणी नव्हतं. ग्लास तासभर खिडकीत ठेवला होता. हातपंप अंगठा दुखेपर्यंत दाबला.

मिसिंग आहे तशीच आहे. थंड असताना जास्त, आणि सुरू करताना थोडा पांढरा धूर. गाडी तापली की ती चौथी बाई मधूनच एखाददुसरा ठोका टाकते, मग पुन्हा गप्प. जोर दिला की फरक जास्त कळतो.

एक विचारू? जूनमध्ये यांच्या पुण्यानुमोदनाला सगळे आले होते तेव्हा संघर्षभाऊजींची गाडी दोनदा बंद पडली होती, आठवतं? चौघांनी ढकलली होती. मंगळवारी ते गेटवर सुरूच ठेवून उभे होते तर गाडी सुरू आहे हेसुद्धा मला कळलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, काय केलंत?" तर म्हणाले, "वहिनी, पप्पांच्या हातात जादू आहे. नवीन पार्ट आणून एका रविवारात केली." तीच जादू आमच्या गाडीला करा. दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या तर आहेत.

सुखदाताईंचा फोन होता. मी सांगितलं, गाडी तयार होतेय.

आपली,
अंजली


कडूस
३ डिसेंबर

चि. अंजलीस,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला. सर्दी होती.

संघर्षच्या गाडीचं काही मोठं नव्हतं. डिझेल तो आता चांगल्या पंपावर भरतो.

तुझ्या गाडीचं सांगतो. गाळणी स्वच्छ, पाणी नाही, हवा नाही. मग राहतं कॉम्प्रेशन. म्हणजे इंजिनाची आतली ताकद. ती गेली की इंजिन उतरवावं लागतं, घरी होणारं काम नाही.

अजून एक आहे. लिहू की नको, यात दोन दिवस गेले. भूषणने चारही इंजेक्टर नवे घातले असं तू लिहिलंस. नवे असते तर सहा महिन्यांत असं होत नाही. बाजारात जुनेच घासूनपुसून देतात. त्या वेळी त्याची ओढाताण चालली होती हे मला माहीत आहे. बायकोला वाईट वाटू नये म्हणून माणूस घरी "नवे" म्हणून सांगतो. खराब इंजेक्टरने डिझेल नीट फवारलं नाही की हळूहळू सिलिंडरही खराब होतो. तसं झालं असणार. मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या माणसासाठी माणूस कधी कधी असं करतो.

गाडी वरचेवर सुरू करू नकोस. आवाज कमीजास्त झाला तर लिही.

तुझा,
जयसिंगमामा


पुनावळे
१७ डिसेंबर

आदरणीय मामा,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि दोन दिवस त्या डब्यातला गूळच काढला नाही.

एकोणीस वर्षांत यांनी मला खोटं सांगितलेलं मला आठवत नाही. म्हणजे आतापर्यंत आठवत नव्हतं. आता मी शोधते आहे. कंपनीत आम्ही पांढऱ्या उजेडाखाली रबराचे शेकडो छल्ले पसरायचो आणि एकेक उचलून बघायचो, कुठे बारीक चीर आहे का. तशी मी यांची वाक्यं पसरून बसले आहे. "गाडी ठणठणीत आहे." "मी सिगरेट सोडली." "छातीत काही नाही, गॅस झालाय, झोप तू." हे शेवटचं वाक्य जूनच्या पाच तारखेचं. ते खरं मानून मी खरोखर झोपले होते, मामा. त्यांचं एक "नवे" खोटं निघालं तर मी बाकीचं काय काय खरं मानत होते?

परवा पौर्णिमा होती. मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, यांच्या फोटोपुढे लावली नाही. हात पुढे गेला नाही. फोटोतले हे माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांना विचारायचं होतं की मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. आता पुढे काय करू ते सांगा. सुखदाताईंना मी नवऱ्याच्या नावावर शब्द दिला आहे.

अंजली


कडूस
२२ डिसेंबर

चि. अंजलीस,
जयभीम.

पत्र वाचून वाईट वाटलं. एवढं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

गाडी विकून टाक. चाकणला ज्योतीराम म्हणून माणूस आहे, जुन्या गाड्या घेतो. त्याला सांगितलं आहे. बारा जानेवारीला, रविवारी तो येईल. गाडीतलं तुमचं सामान काढून ठेव. फुलवाल्या बाईंना स्पष्ट सांग की जमत नाही. तुझ्याजोगं दुसरं काम चाकणमध्ये पुष्कळ मिळेल, मी संघर्षला बघायला सांगतो.

भूषणला मनातून माफ कर. तो वाईट नव्हता.

जयसिंगमामा


पुनावळे
१२ जानेवारी २०२५

मामा,
जयभीम.

हे पत्र पोस्टाने पाठवते आहे. संघर्षभाऊजींच्या हाती द्यायला माझा हात होत नाही. त्यांना माहीत आहे की नाही, मला माहीत नाही.

काल संध्याकाळपर्यंत मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे गाडी रिकामी करत होते. सीटमागे यांची लोखंडी पेटी होती, तिच्यात पान्ह्यांच्या खाली एक वही निघाली. निळ्या पुठ्ठ्याची, अप्रेंटिस असतानाची. पहिल्या पानावर यांचं तेव्हाचं तिरकं अक्षर: "मामांनी शिकवलेलं. धडा पहिला. मिसिंग असेल तर काहीही उघडण्याआधी चारही सिलिंडर एकेक करून तोडायचे आणि ऐकायचं. ज्याला तोडल्यावर आवाज बिघडतो तो जिवंत. ज्याला तोडून काही फरक पडत नाही, तोच मेलेला."

पहिला धडा, मामा. अठरा वर्षांच्या पोराला तुम्ही पहिल्या दिवशी सांगितला होतात. मला दोन महिन्यांत सांगितला नाहीत. मला आधी वाटलं, वय झालं, विसरले असतील. मग मी तुमची पत्रं काढून पुन्हा वाचली. गाळणी, पाणी, हवा. आणि वरचं काळं झाकण उघडू नकोस.

ते झाकण मी उघडलं. हाताने ओढलं की निघतं. खाली चार इंजेक्टर रांगेत, प्रत्येकाला वायरचा कपलर. इंजिन बंद करायचं, एक कपलर काढायचा, सुरू करून ऐकायचं, परत बंद करून लावायचा, असं वहीत होतं. पहिल्याचा काढला, गाडी एवढी हलली की आरशावरचं निळं फडकं पडलं. लावला. दुसऱ्याचा काढला, तसंच. तिसऱ्याचा काढला आणि काहीच झालं नाही. तीच गाडी, तोच आवाज. मुसळ न टाकणारी बाई सापडली.

तरीही मी म्हटलं, खात्री करू. पेटीत सलाइनच्या चार नळ्या आणि चार सारख्या बाटल्या होत्या, वहीत त्यांचं चित्रही होतं. इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल बाटलीत धरायचं, झिजलेला असेल त्याचं जास्त येतं. तीन बाटल्यांत बोटभर आलं. तिसऱ्या इंजेक्टरची गळ्यापर्यंत भरली. इथवरसुद्धा मी यांनाच बोल लावत होते. म्हटलं, निदान तीन तरी नवे घातलेत.

मग घरातून बॅटरी आणून तिच्या उजेडात जवळून बघितलं. मी बारा वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली आहेत, माझी नजर आधी खुणेवर जाते. बोल्ट कसला की ज्याने कसला त्याने आपल्या रंगाची रेघ मारायची, पुढे काही झालं तर जबाबदार कोण हे रेघ सांगते. हे मला शिकवावं लागत नाही. इंजेक्टर दाबून धरणारे चार बोल्ट आहेत. पहिल्यावर पिवळी रेघ. दुसऱ्यावर पिवळी. चौथ्यावर पिवळी. तिसऱ्यावर हिरवी.

पिवळा यांचा. घरातल्या पंख्याच्या स्क्रूवरसुद्धा पिवळी रेघ आहे. हिरवा पेन कुणाच्या खिशात असतो? तुम्ही उसळ खायला बसलात तेव्हाही तो सदऱ्याच्या खिशात होता, मी सदरा धुवायला मागितला तेव्हा तुम्ही पेन काढून ताटाशेजारी ठेवलात.

वहीच्या शेवटच्या पानावर यांनी लिहिलंय: "१९ मे. चारही नवे. खोकी मी स्वतः फोडली." खाली चार नंबर. तीन जुळतात. तिसऱ्याचा जुळत नाही.

संघर्षभाऊजी गेटवर इंजिन सुरू ठेवून माझी पत्रं घेत होते, मामा. मी कौतुकाने ऐकत होते.

तुम्ही तो मागितला असतात तर मी दिला असता. तेव्हा मला गाडी चालवायचीच नव्हती, चारही दिले असते. न विचारता नेलात, तेही मी कधीतरी गिळलं असतं. घर चालवताना माणूस काय काय करतो ते मला कळतं. पण डिसेंबरात तुम्ही बसून, दोन दिवस विचार करून, जो माणूस स्वतःची बाजू सांगायला उठून येऊ शकत नाही त्याच्यावर ते टाकलंत. मी लिहिलं की मेणबत्ती लावली नाही. त्यावर तुम्ही लिहिलंत, त्याला माफ कर. त्याच पत्रात पहिल्यांदा तुम्ही मला आवाज विचारला नाहीत.

ज्योतीराम सकाळी आला होता. त्याला चहा देऊन परत पाठवलं. तोड सुरू व्हायला तेरा दिवस आहेत.

अंजली बुद्धभूषण


कडूस
१६ जानेवारी

अंजली,
जयभीम लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

पत्राबरोबरच्या डब्यात भूषणचा इंजेक्टर आहे. फडक्यात गुंडाळला आहे, टोकाला बोट लावू नकोस. दोन नव्या तांब्याच्या चकत्या आहेत, जुनी काढून त्यातली एक खाली घाल. नंबर गाडीच्या कॉम्प्युटरच्या ओळखीचाच आहे, त्यामुळे गाडी त्याला घेईल. मी येऊन बसवून देतो म्हणालो असतो, पण तुझ्या दारात कोणत्या तोंडाने उभा राहू?

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. संघर्षची गाडी कंपनीच्या यादीतून निघत होती. दोन फेऱ्या चुकल्या होत्या, तिसरी चुकली की नाव कापणार होते. तुझी गाडी उभी होती. चावी माझ्याकडे होती. तुझा तिसरा काढून त्याच्या गाडीत घातला, त्याचा झिजलेला तुझ्या गाडीत. मनात म्हटलं, पंधरा दिवसांनी परत बसवू. संघर्षला सांगितलं, नवीन आणला. पंधरा दिवसांचे महिने झाले. तू चालवशील असं मला वाटलंच नव्हतं. हे लिहितानासुद्धा मला ऐकू येतं की हे कसं वाटतं.

ती रेघ मारल्याचं मला आठवतही नाही. चोरून करत होतो तरी बोल्ट कसला आणि हात खिशात गेला. एकतीस वर्षांत बिनरेघेचा बोल्ट मी सोडलेला नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मुसळाचं वाचलं आणि मला ऐकू आलं. खरंच ऐकू आलं, चार वर्षांनी पहिल्यांदा. कान नव्हते तरी. मी खुश झालो आणि लगेच कळलं, तो रिकामा ठोका माझाच आहे. त्यानंतर मी एका हाताने तुला आवाज मागत होतो आणि दुसऱ्या हाताने तुला लांब नेत होतो. भूषणवर का टाकलं? कारण तो मला उत्तर देणार नव्हता. याच्याहून वेगळं कारण नाही. पोराला मी बापासारखा होतो.

आता संघर्षला सगळं सांगितलं आहे. त्याची गाडी अंगणात उभी आहे. तो माझ्याशी बोलत नाही. बोलला तरी मला ऐकू येत नाही, पण तो तोंडही हलवत नाही.

कडक पाइपला पान्हा लावण्याआधी गाडी बंद करून चार तास थांब. बोल्ट एका दमात आवळू नकोस, थोडा थोडा आवळ.

गाडी सुरू झाली की आवाज लिहून पाठव. मागायचा हक्क नाही. तरी मागतो.

जयसिंग

अंजे, म्या तुजी मामी, कस्तुरा लिवते. मला यातलं कायबी ठावं न्हवतं. तुजं पत्र पोरानं मला वाचून दावलं. ह्यांला म्या सांगितलं, भूषणच्या फोटूला आपल्या घरात आता तुमी हार घालायचा न्हाई, म्या घालीन. तू यिऊ नको म्हनलीस तर येनार न्हाई.


पुनावळे
२० जानेवारी

मामा,
जयभीम.

संघर्षभाऊजी शनिवारी दोन बस बदलून आले. डबा छातीशी धरून गेटवर उभे होते, आत येईनात. म्हणाले, "वहिनी, मी दर मंगळवारी तुमच्याच गेटवर तुमचाच पार्ट घेऊन उभा राहत होतो." मी म्हटलं, "भाऊजी, आत या, बॅटरी धरायला कुणीतरी हवं." बॅटरी तेवढी त्यांनी धरली. पान्हा मी हातातून सोडला नाही. गाडी बंद ठेवून मी चार तास थांबले, चकती नवी घातली, थोडा थोडा आवळला.

तुमची हिरवी रेघ मी थिनरने पुसली. यांच्या पेटीतला पिवळा पेन वाळून गेला होता. तो ओला असता तरी मी वापरला नसता, कारण बोल्ट मी कसला होता. कपाटात लाल नेलपॉलिशची एक जुनी बाटली होती, लग्नकार्यातली. त्याची रेघ मारली. पुढे काही झालं तर जबाबदार मी.

तेरा तारखेला पौर्णिमा होती. यांच्या फोटोपुढे दोन मेणबत्त्या लावल्या. एक त्या दिवसाची, एक डिसेंबरची राहिलेली. मी यांना म्हटलं, मी तुम्हाला तपासायला बसले होते. "छातीत काही नाही" या वाक्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण इंजेक्टर नवे होते.

मामींना सांगा, त्यांनी केव्हाही यावं. आमच्या गाडीची दुसरी चावी तुमच्याकडे आहे, ती त्यांच्याबरोबर पाठवा. संघर्षभाऊजींची गाडी उभी आहे हे मला बरं वाटत नाही. ताथवड्याच्या कंपनीत मी विचारलं, त्यांचं नाव या महिनाअखेरपर्यंत यादीत आहे. त्यांना खरंच नवा इंजेक्टर आणून द्या.

तुम्ही येऊ नका. पत्रही आता नको.

गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. बॉनेट उघडं ठेवून मी आणि भाऊजी कितीतरी वेळ नुसते उभे होतो. तिसऱ्या मजल्यावरचे काकासुद्धा खाली आले. काल मी तळेगावला जाऊन आले, परवा सुखदाताईंची क्रेट ठेवून बघायची आहेत.

तुम्ही आवाज मागितलात. मी कागद घेऊन बसले, दोन ओळी लिहिल्याही. कसा लिहिला की तो तुम्हाला ऐकू येतो, हे आता मला ठाऊक आहे. त्या दोन ओळी मी वहीच्या शेवटच्या पानावर, यांच्या चार नंबरांखाली उतरवून ठेवल्या आहेत आणि तो कागद फाडला आहे.

अंजली